पावतीवरची तिसरी ओळ

अण्णांचा फोन आला तो लोगोसाठी. "गाय पाहिजे, पण हसरी पाहिजे," ते म्हणाले. सोबत दहा बाय वीसचा एक फ्लेक्स, गाडीवर लावायला स्टिकर आणि जमलं तर एक घोषवाक्य. मी पुण्यात बसून छोट्या व्यवसायांसाठी डिझाइनची कामं करते. मसाल्याची पाकिटं, पॅथॉलॉजी लॅबचे रिपोर्ट, मागे एकदा एका पतसंस्थेचा कर्जाचा अर्ज. माहेर नगर जिल्ह्यातलं असल्यामुळे तिकडून काम आलं की नाही म्हणवत नाही, पैसे वेळेवर येणार नाहीत हे माहीत असूनही.

अण्णांची खाजगी डेअरी आहे, आठ-नऊ गावांत संकलन केंद्रं. शेजारच्या गावात दुसऱ्या एका डेअरीने केंद्र उघडलं आणि यांचे गवळी एकेक करून तिकडे सरकायला लागले. "दर त्यांचाबी तेवढाच, मग जातात कशाला? त्यांचा बोर्ड बघा कसा झगमगतोय." म्हणून हसरी गाय.

मी म्हटलं, काही काढायच्या आधी दोन दिवस केंद्रावर येऊन बसते. अण्णांना ते पटलं नाही. "बघायचं काय त्यात? दूध येतं, दूध जातं." पण या म्हणाले.

हे २०२४ च्या ऑगस्टमधलं. पहाटे साडेपाचला केंद्रावर पोहोचले तेव्हा शटर अर्धं वर होतं आणि बाहेर किटल्यांची रांग लागली होती. माणसं मागे कट्ट्यावर, रांगेत फक्त किटल्या. खिडकीच्या आत डेअरीवर काम करणारा विशीतला मुलगा, समोर काटा, बाजूला दूध तपासायचं मशीन, कॉम्प्युटर आणि बिलाचा छोटा प्रिंटर. किटली काट्यावर ओतायची, छोट्या बाटलीत नमुना, नमुना मशीनच्या नळीखाली, पाऊण मिनिटात फॅट, म्हणजे दुधातला स्निग्धांश, आणि एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ, स्क्रीनवर, आणि कर्रर्र करून पावती बाहेर. पावती हातात आली की माणूस फक्त शेवटचा आकडा बघतो, घडी घालतो, खिशात. निम्मे लोक तर तिथेच टाकून देतात.

साडेसहाच्या सुमारास एक आजी आल्या. सहा लिटर दूध. पावती बघून खिडकीशीच थांबल्या.

"आज का रं कमी?"

"फॅट नाय बसली, आजी."

"काल बसली व्हती की."

"काल बसली, आज नाय बसली. सरका, मागं लाइन हाय."

आजी सरकल्या. पण जाताना काट्याकडे ज्या नजरेने बघून गेल्या, ती मला कुठल्याही फ्लेक्सने पुसता आली नसती.

मी जमिनीवरून तीस-चाळीस पावत्या गोळा केल्या आणि चहाच्या टपरीवर बसून वाचल्या. सगळे मथळे इंग्रजीत, तेही आखूड केलेले. फॅट, एसएनएफ, सीएलआर (लॅक्टोमीटरचं माप), दुधाच्या मापासाठी दोन अक्षरं, दर, रक्कम. सहा आकडे एकाच आकाराचे, एकाखाली एक. दर २६.४० का झाला हे त्यात कुठेच नाही. त्यासाठी भिंतीवर दरपत्रक होतं: ए-फोर कागद, आडवी फॅट ३.० ते ५.०, उभा एसएनएफ ७.५ ते ९.०, प्रत्येकी एका पॉइंटने, म्हणजे ०.१ ने, वाढत जाणारा. मोजले तर ३३६ चौकोन निघाले. अक्षर मुंगीएवढं. ते लॅमिनेट केलेलं होतं आणि त्यावर ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पडत होतं, त्यामुळे मधले दीड-दोनशे चौकोन तसेही दिसत नव्हते.

आजींची पावती मी मुद्दाम शोधली. फॅट ३.३, एसएनएफ ८.२. गायीच्या दुधाचा दर आपल्याकडे ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफला धरून ठरतो. त्या वेळी सरकारी अनुदानाच्या अटीमुळे डेअरीने द्यायचा तो दर ३० रुपये होता, आणि वरचे ५ रुपये अनुदान थेट खात्यात. या डेअरीत फॅटचा एक पॉइंट खाली आला की ३० पैसे कमी आणि एसएनएफचा एक पॉइंट खाली आला की १ रुपया कमी. म्हणजे आजींचे फॅटपायी गेले ६० पैसे आणि एसएनएफपायी गेले ३ रुपये. मुलगा मात्र त्यांना सांगत होता, फॅट नाही बसली. तो खोटं बोलत नव्हता. सगळी डेअरी असंच बोलते. "फॅट" हा शब्द सगळ्यांच्या तोंडी बसलाय, एसएनएफला कुणी "डिग्री" म्हणतं, कुणी काहीच म्हणत नाही.

मी हिशोब पुढे नेला. लिटरला ३ रुपये, सहा लिटर, दोन वेळा, दहा दिवस. दर दहा दिवसांनी मिळणाऱ्या दुधाच्या पैशांत, गावात त्याला पगारच म्हणतात, ३६० रुपये एका अशा आकड्यापायी जातात ज्याचं नावही बाईंना कुणी सांगितलेलं नाही. आणि फॅट वाढावी म्हणून त्या सरकी पेंड जास्त घालत असणार. फॅट मुख्यतः वैरणीतल्या तंतूवर, वाळल्या चाऱ्यावर चालते. एसएनएफ म्हणजे दुधातली प्रथिनं, साखर, क्षार. जनावराच्या पोटात एकूणच कमी पडत असेल किंवा कासदाह असेल, तर ते खाली येतं. दोन्हींचा उपाय वेगळा. हे मला डेअरीत दूध तपासायला येणाऱ्या पशुवैद्यांनी टपरीवरच समजावलं. शेवटच्या धारा वासराला सोडल्या तर फॅट कमी लागते, कारण फॅट शेवटच्या धारांत जास्त असते, हे मात्र आईकडून लहानपणीच ऐकलेलं.

संध्याकाळी अण्णांना म्हटलं, लोगो करू, पण आधी पावती करू.

"पावतीला काय करायचं? ती सॉफ्टवेअरमधून येते."

तेच तर करायचं होतं.

आता कामाचा जो भाग मला घरी बसून सोपा वाटला होता तो. कॉम्प्युटरवर मी एक देखणी पावती काढली. वरती नाव, मध्ये मोठा दर, बारीक रेघा, छान मराठी. मग ती त्या प्रिंटरवर छापली आणि चिखल झाला. या प्रिंटरचा कागद ५८ मिलिमीटर रुंद, त्यात छपाई ४८ मिलिमीटरवर. मिलिमीटरला ८ ठिपके, म्हणजे पूर्ण ओळीत ३८४ ठिपके. तीन मिलिमीटर उंचीच्या अक्षराला शिरोरेघ, मात्रा, उकार सगळं मिळून २४ ठिपके. इंग्रजी अक्षरं प्रिंटरच्या पोटात असतात, त्यामुळे ती झटक्यात येतात. देवनागरी त्याला येत नाही. ती चित्र करून पाठवावी लागते. माझ्या नाजूक रेघा गायब झाल्या, "शुद्ध" मधला "द्ध" म्हणजे काळा डाग झाला, आणि एका पावतीला चार-पाच सेकंद लागायला लागले. सकाळच्या रांगेत हे चालणारच नव्हतं. खिडकीतला मुलगा तोंडाने काही बोलला नाही, पण पाचव्या पावतीला त्याने माझ्याकडे असं बघितलं की मी केबल काढली.

मग उलटीकडून सुरुवात केली. जे शब्द बदलत नाहीत ते आधीच चित्र करून प्रिंटरच्या मेमरीत ठेवायचे आणि बदलणारे आकडे फक्त पाठवायचे. सॉफ्टवेअरवाल्याशी यावर आठवडा गेला. त्याचं म्हणणं, असं कुणी मागत नाही. अक्षरासाठी 'मुक्त' हा फॉन्ट वापरला, 'एक टाइप' या फॉन्ट करणाऱ्या संस्थेचा, त्यातलं जाड अक्षर. त्याची अक्षरं मोकळी आहेत, पोटं बुजत नाहीत. जोडाक्षरं शक्यतो टाळली. "शुद्ध" गेलं, "धन्यवाद" गेलं, डेअरीचा पत्ताही गेला, कारण दूध घालायला रोज येणाऱ्या माणसाला पत्ता कशाला पाहिजे? अण्णांना वाईट वाटलं. पत्त्यापेक्षा "धन्यवाद" चं जास्त.

आकड्यांवर मी हरले. मला मराठी आकडे हवे होते. पण काट्याचा लाल दिवा इंग्रजी आकड्यात दाखवतो, मोबाइल इंग्रजी, घरातलं घड्याळ इंग्रजी. आजींना अक्षर वाचता येत नाही, पण काट्यावरचा आकडा त्या दुरून ओळखतात. पावतीवरचा आकडा काट्यावरच्या आकड्यासारखाच दिसला पाहिजे, तरच दोन्ही जुळतात का हे बघता येईल. मी गुपचूप बदलले.

आणि जुळत नव्हतेच! काटा किलोत दाखवतो, पावती लिटरमध्ये. लिटरभर दूध साधारण १.०३ किलो भरतं. आजींची किटली काट्यावर ६.१८ दाखवायची आणि पावतीवर ६.०० यायचं. हिशोब बरोबर, पण बघणाऱ्याला वाटणार, खिडकीच्या आत कुठेतरी दूध सांडलं. गावात याबद्दल वर्षानुवर्षं कुजबूज होती, आणि अण्णांना ती ठाऊकही होती. त्यांना वाटायचं समजावून काही उपयोग नाही. आम्ही पावतीवर दोन्ही आकडे एका ओळीत घेतले, किलो आणि त्याचे लिटर. ऐंशी टक्के भांडण तिथेच मिटलं असं अण्णा पुढे सांगत सुटले. त्यांची टक्केवारी मी मोजलेली नाही.

मग मुख्य गोष्ट, दर. मी तीन ओळी काढल्या. पहिली ओळ ठरलेला दर, दुसरी फॅटपायी किती, तिसरी एसएनएफपायी किती. खाली जाड रेघ, आणि आजचा दर मोठा. पहिल्या ओळीला मी मोठ्या आनंदाने "आधारदर" लिहिलं. छापून नऊ-दहा जणांना दिलं आणि विचारलं, आज दर का कमी आलाय सांगा. एकाने पावती उलटसुलट करून विचारलं, "ताई, आधार कार्ड लिंक नाही म्हणून कमी का?" दुसऱ्यालाही तेच वाटलं होतं. त्या वर्षी अनुदानासाठी आधार, बँक खातं, गायीच्या कानातल्या टॅगचा बारा अंकी नंबर हे सगळं मागून झालेलं, त्यामुळे "आधार" या शब्दाचा गावात एकच अर्थ उरला होता. "आधारदर" काढून "३.५ / ८.५ चा दर" केलं. हे आकडे सगळ्यांना तोंडपाठ.

खालच्या दोन ओळींना मी "घट" म्हटलं होतं. कट्ट्यावरची माणसं वाचताना "कापले" म्हणायची. "फॅटचे साठ पैसे कापले." मी तोच शब्द घेतला. अण्णा भडकले. "कापले म्हणजे काय? मी काय खिसेकापू आहे?" अर्धा तास झाला. शेवटी "कमी" वर तोडगा. "फॅट २ कमी" आणि समोर पैसे; "एसएनएफ ३ कमी" आणि समोर पैसे. शब्द अण्णांचा, आकडे लोकांचे. तळाला एक ओळ अनुदानाची, ते डेअरीच्या पगारात नाही, थेट बँकेत, एवढंच सांगणारी, कारण "पाच रुपये कुठायत" हा प्रश्न त्या मुलाला सकाळी पंचवीस वेळा येत होता.

भिंतीवरच्या ३३६ चौकोनांचं काय करायचं? आधी मी रंग दिले. चांगल्या दुधाला हिरवा, खालच्याला लाल, मध्ये पिवळा. पहाटे त्या खोलीत हिरवा आणि लाल दोन्ही मातकट दिसत होते, आणि मुळात तक्ता वाचणंच कुणाला जमत नव्हतं, रंगीत असो की बिनरंगी. मग लक्षात आलं की ते चौकोन म्हणजे फक्त दोन नियम आहेत. फॅट एक पॉइंट हलली की इतके, एसएनएफ एक पॉइंट हललं की इतके. मी दोन शिड्या काढल्या. डावीकडे फॅटची, उजवीकडे एसएनएफची. मधली पायरी जाड: ३.५ आणि ८.५. तिथून खाली उतरलात की प्रत्येक पायरीवर किती गेले, वर चढलात की किती आले. पायरीची उंची पैशाच्या प्रमाणात, म्हणजे एसएनएफची पायरी मोठी, फॅटची छोटी. लांबून बघितलं तरी कुठली शिडी उतरताना जास्त लागतं ते कळावं.

शिडी कागदावर आली तेव्हा एक गोष्ट उघडी पडली जी चौकोनांत कुणाला दिसली नव्हती, मलाही नाही. फॅट खाली आली तर पॉइंटला ३० पैसे कमी, पण वर गेली तर २० पैसेच जास्त. एसएनएफ खाली तर १ रुपया कमी, वर गेलं तर काहीच नाही. डावी शिडी मधल्या पायरीच्या वर आखूड झालेली, उजवीला मधल्या पायरीच्या वर पायऱ्याच नाहीत. सरळ तुटलेली शिडी.

अण्णा ते चित्र बराच वेळ बघत बसले. चहा गार झाला. मग म्हणाले, "ताई, वरच्या पायऱ्या जरा उंच काढा ना. आकडे तेच ठेवा, फक्त उंच काढा."

डिझाइनच्या कामात ही विनंती वेगवेगळ्या कपड्यांत येते. आलेख शून्यापासून सुरू करू नका. "अटी लागू" बारीक लिहा. जादा शुल्काची ओळ दुसऱ्या पानावर न्या. मी स्वतः यातलं थोडंफार केलेलं आहे, भाडं भरायचं असताना, हे लपवत नाही. या वेळी मात्र सकाळच्या आजी डोळ्यासमोर होत्या, आणि व्यवहारही होता. म्हटलं, अण्णा, पायरी उंच काढली आणि आकडा तोच राहिला तर पहिला हुशार पोरगा मोबाइलवर फोटो काढून गावाच्या ग्रुपवर टाकेल. मग हसऱ्या गायीचा फ्लेक्स कितीही मोठा करा. त्यापेक्षा ३३६ चौकोन राहू द्या, ते निदान कुणाला कळत नाहीत.

त्यांनी आठ दिवस फोन केला नाही. मला वाटलं काम गेलं. नवव्या दिवशी फोन आला: फॅटला वर-खाली दोन्हीकडे ३० पैसे करतो, एसएनएफचं माझ्या हातात नाही, पुढे माझं दूध जिथं जातं ते मला तसंच लावतात. हे खरं होतं का, मला तपासता आलं नाही. उजवी शिडी तुटकीच छापली. चार बाय तीन फुटांचा सनबोर्ड, काचेशिवाय, ट्यूबलाइटच्या समोर नाही तर बाजूच्या भिंतीवर.

बाहेरचा बोर्डही याच धांदलीत उरकला. जुन्यावर डेअरीचं नाव इंग्रजीत मोठं आणि मराठीत खाली बारीक होतं. राज्यात २०२२ पासून मराठी अक्षर दुसऱ्या लिपीपेक्षा लहान चालत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने दिलेली मुदतही नोव्हेंबर २०२३ मध्ये संपली होती, तेव्हा तो बदलायचाच होता. नाव मराठीत, जाड, पांढऱ्यावर निळं. फ्लेक्सवर चार पुढाऱ्यांचे फोटो टाकायचेच असा अण्णांचा हट्ट होता. तो फ्लेक्स मी केलेला नाही असं मी सगळीकडे सांगते.

नवीन पावती सुरू झाल्यावर पहिल्या आठवड्यात रांग कमी व्हायच्या ऐवजी वाढली. लोक खिडकीशी थांबून वाद घालायला लागले, आणि आता त्यांच्याकडे वादाला आकडा होता. "एसएनएफ काल एक कमी, आज तीन कमी, रात्रीत काय झालं?" एकाने विचारलं, माझ्या आधी म्हशीचं दूध लागलं होतं, मशीन धुतलं का? प्रश्न रास्त होता. आधीच्या नमुन्याचं दूध नळीत राहिलं तर पुढच्याचा आकडा बिघडतो. मुलगा वैतागला, अण्णा त्याच्याहून. "ताई, तुम्ही माझ्या डेअरीत वकील तयार केले." तिसरी ओळ काढून टाका म्हणाले. मी म्हटलं, काढते, पण आधी महिनाभर थांबू. त्याच महिन्यात पशुवैद्यांनी केंद्रावर एक सकाळ बसायला सुरुवात केली, कारण लोक त्यांनाच पावती दाखवायला लागले होते. आजी खनिज मिश्रणाचा पुडा घेऊन गेल्या असं मुलाने सांगितलं. एसएनएफ वाढलं का, विचारलं. "कधी एक कमी, कधी दोन कमी," तो म्हणाला. एवढंच.

एक चूक माझ्या नंतर लक्षात आली. आजी पावत्या चुलीजवळच्या खिळ्याला टोचून ठेवायच्या आणि पगाराच्या दिवशी घेऊन यायच्या. हा कागद उष्णतेनेच छापला जातो, त्यामुळे उष्णतेनेच काळा पडतो. त्यांच्या वीसपैकी सात-आठ पावत्या करड्या झालेल्या. मी इतके ठिपके मोजले, पण पावती घरी गेल्यावर कुठे राहते हे बघायला गेले नव्हते. आता दहा दिवसांच्या पगाराचा कागद वेगळा, साध्या प्रिंटरवर, साध्या शाईने निघतो.

डिसेंबरात सॉफ्टवेअरवाल्याने नवीन आवृत्ती टाकली आणि पावती एका रात्रीत पुन्हा इंग्रजीत गेली. अण्णांनी मला पाच दिवस सांगितलंच नाही. त्यांना वाटलं, बरं झालं, वाद मिटले. सहाव्या दिवशी सकाळी सव्वासातला मुलाचा फोन आला, मागे किटल्यांचा आवाज.

"ताई, लवकर काहीतरी करा. लोक खिडकी सोडत नाहीत. मी प्रत्येक पावतीच्या पाठीमागं पेनानं लिहून देतोय."

"काय लिहून देतोस?"

"फॅट इतके कमी, एसएनएफ इतके कमी. आणि किलोचे लिटर. बॉलपेन संपलं आत्ता."